छातीवरचा भाडेकरू

४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोचल्याबरोबर उत्तर लिही अशी त्यात ताकीद होती, म्हणून गिऱ्हाइकाचं माप अर्धं घेऊन, त्याला हात वर करून तसाच उभा ठेवून लिहायला बसलो आहे. गंमत केली. त्याचे हात खाली आहेत.

बातमी अशी की आमच्या भाडेकरूचा मुक्काम संपत आला आहे. भाडेकरू म्हणजे माझ्या छातीच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवलेलं ते यंत्र. तुला हे सांगायला नको, पण तू माझी पत्रं भाऊजींना वाचून दाखवतेस आणि ते दर वेळी कसलं यंत्र म्हणून विचारतात, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. मला फिट येऊ नये म्हणून ते मानेतल्या एका नसेला दर पाच मिनिटांनी बारीकसा झटका देतं. झटका चालू असतो तेवढं अर्धं मिनिट माझा घसा बसतो आणि मी जुन्या दाराच्या बिजागरीसारखा बोलतो. आमच्या घरातले सगळे महत्त्वाचे निर्णय त्याच अर्ध्या मिनिटात होतात, कारण तेव्हा तुझी भावजय विचारते आणि मला नाही म्हणता येत नाही. ती यंत्राला सवत म्हणते, पण सवतीशी तिचं इतकं संगनमत मी कुठे पाहिलं नाही.

तर त्याची बॅटरी उतरत आली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अजून काही महिने चालेल; त्याआधी ठरवा. बदलायचं असेल तर छोटंसं ऑपरेशन. जुनी डबी काढायची, नवी बसवायची, मानेतली तार तीच राहील. नसेल बदलायचं तर बॅटरी संपल्यावर ते आत नुसतं पडून राहील. मग पुढे काय, असं मी विचारलं, तर म्हणाल्या की ते आधी कुणालाच सांगता येत नाही.

माझा कल न बदलण्याकडे आहे. चार वर्षं होत आली, एकही फिट नाही. गुण यंत्राचा की गोळ्यांचा कुणी सांगावं? आणि खरं सांगू का, मागच्या वेळची शिलाई तू पाहिली आहेस. एका टोकाला चुण्या, दुसऱ्या टोकाला ओढ. गिऱ्हाइकाच्या अंगावर असली शिवण गेली असती तर मी दुकान बंद केलं असतं. ती मी रोज आरशात बघतो. आता तीच उसवून पुन्हा कुणीतरी शिवणार, या कल्पनेनंच मला घाम फुटतो.

पण घाईनं काही करणार नाही. मोठी कात्री आणि गरम इस्त्री मला किती वर्षांनी परत हातात मिळाली, हे तुला माहीत आहे. शिवाय बँडवाल्यांच्या कोटांचं काम मिळालं आहे. लाल कापड, पिवळ्या फिती, सगळं मी स्वतः कापतो आहे. हे काम हातचं गेलेलं मला परवडणार नाही.

तुझ्याकडे ठेवलेला जास्तीचा चुंबक जपून ठेव. आलो की लागतो. फिट येतेय असं वाटलं तर छातीवरून एकदा फिरवायचा आणि लगेच बाजूला करायचा, हे पुन्हा लिहितो.

भाऊजींना नमस्कार. कळावे, लोभ करीत असावे आणि मत लगेच कळवावे.

तुझा,
भाऊ

---

११ फेब्रुवारी

चि. भाऊस,

अनेक आशीर्वाद, वि. वि.

मत कळव म्हणतोस. माझं मत विचारून तू आजवर एक तरी गोष्ट केली आहेस का? तरी कळवते.

चालती वस्तू बदलू नये, हे माझं साध्या किटलीबद्दलही मत आहे. शेवटच्या थेंबापर्यंत ती बॅटरी वापर. तेवढ्यात मी वर विनंती करून ठेवते. तुला ते यंत्र लागूच नये, यासाठी मी कालपासून चहातली साखर सोडली आहे. तू म्हणशील की ताईचे सगळे नवस बचतीचेच कसे असतात. देवाला हवं ते द्यावं, आणि देताना घरात दोन गोष्टी शिल्लक राहिल्या तर त्याला राग येण्याचं कारण नाही.

पण मी नुसती हात जोडून बसणारी नाही. मी तुझ्यासाठी एक जाकीट शिवलं आहे. हसू नकोस. शिंप्याला जाकीट पाठवणं म्हणजे काय ते मला समजतं. यांच्या जुन्या कोटाचं अस्तर, आत फाटक्या रजईतला कापूस, वरून सोफ्याच्या कव्हरातून उरलेलं कापड. फुलं मोठी आहेत, पण फुलांना कुणी नावं ठेवू नयेत. डाव्या बाजूला कापसाच्या आत मी तुझ्या रक्षणाचं काहीतरी घालून शिवलं आहे. ते काय हे विचारायचं नाही आणि उसवून बघायचं तर अजिबात नाही. तुला माझी शपथ आहे. सकाळी अंगात घालायचं ते निजतानाच काढायचं, आणि बटणं सगळी लावायची.

जास्तीच्या चुंबकाची काळजी करू नकोस. इथे नुसता कपाटाचं दार धरून बसला होता. इतकी गुणाची वस्तू आणि काम काय, तर दार धरायचं! आता मी त्याला त्याच्या लायकीचं काम दिलं आहे. दार मात्र तेव्हापासून आपोआप उघडतं आणि यांच्या कपाळावर बसतं. यांना टेंगूळ आलं आहे. कडी आणायला सांगतात. मी म्हटलं, कपाटासमोर वाकायचं नाही, की झालं.

गोळ्या वेळेवर घे. टाचण्या तोंडात धरायची सवय सोड. किती वेळा लिहू?

आशीर्वाद आहेतच, जाकिटासकट घ्यावेत.

तुझी,
ताई

---

२ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

जाकीट पोचलं. डावा खांदा उजव्याहून वर आहे, काजं आणि बटणं यांची एकमेकांशी ओळख नाही, आणि पाठीवर जे फूल आलं आहे ते बघून समोरचा न्हावी रोज दुकानाबाहेर येऊन नमस्कार करतो. पण ऊब मात्र अशी आहे की निजतानाही काढवत नाही. शपथ घातली आहेस म्हणून शिंपी असूनही एक टाका उसवलेला नाही. हाताला आत काहीतरी कडक लागतं. पत्र्याच्या डबीत प्रार्थना लिहून घातली असशील, असं आम्ही धरून चाललो आहोत.

आणि ताई, आता बातमी ऐक. तुझ्या डबीला गुण आला! जाकीट घातलं त्या दिवसापासून माझा घसा बसलेला नाही. एकदाही नाही. भाडेकरू आगाऊ सूचना न देता निघून गेलेला दिसतो. बॅटरी बाईंच्या हिशेबाआधीच संपली असणार. आणि मी? मी ठणठणीत! सकाळपासून रात्रीपर्यंत गातो. न्हाव्यानं नमस्कार करणं बंद करून खिडकी लावून घ्यायला सुरुवात केली आहे. तुझी भावजय तेवढी नाराज आहे, कारण आता तिच्या प्रत्येक प्रश्नाला मला पूर्ण आवाजात उत्तर देता येतं.

एक चमत्कार अजून. माझ्या हातून टाचणी पडली की ती जमिनीवर जात नाही, छातीवर थांबते. परवा संध्याकाळी बघतो तर तुझ्या फुलांवर टाचण्यांचा सडा. तू म्हणायचीस ना, टाचण्या तोंडात धरू नकोस. आता धरतच नाही. पत्र्याचा असाही उपयोग होतो, हे मला नवीन होतं.

तेव्हा माझं ठरलं. बदलायचं नाही. यंत्र बंद आहे आणि मी चालू आहे, याहून मोठा पुरावा कुठला? बाईंना पुढच्या आठवड्यात तसं कळवणार आहे.

बँडचं काम जोरात आहे. कॉलर लावून झाल्या, आता बाह्या राहिल्या आहेत. आता बाह्या राहिल्या आहेत. आता बाह्या

वरची ओळ अशी का झाली कळत नाही. पेन अडकलं असेल. शाईही सांडली आहे, तिकडे बघू नकोस.

तुझी साखर लवकरच सुटणार, म्हणजे परत सुरू होणार. लोभ आहे; जाकिटाच्या मापाचा, म्हणजे भरपूर ढगळ.

तुझा ठणठणीत,
भाऊ

---

९ मार्च

ती. वन्संस,

सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांच्या नकळत लिहिते आहे. यांनी मला तुम्हाला काही कळवायचं नाही म्हणून बजावलं आहे, म्हणूनच सगळं कळवते.

हे ठणठणीत नाहीत. गेल्या पंधरवड्यात मी चारदा तरी पाहिलं. बोलता बोलता मध्येच थांबतात. डोळे उघडे, पण माणूस घरात नसल्यासारखा. ओठ चाखल्यासारखे हलतात, हात जाकिटाचं बटण चाळवत राहतात. थोड्या वेळानं परत येतात आणि मी काय झालं म्हणून विचारलं तर विचार करत होतो म्हणतात. वन्सं, यांना मी किती वर्षं ओळखते! इतका विचार हे करत नाहीत.

परवा तर कहर झाला. बँडमास्तर माप बघायला आले. यांनी रुबाबात कोट पुढे केला. मास्तरांनी एक हात घातला, दुसरा घातला, आणि डोकं कुठून बाहेर काढायचं ते त्यांना सापडेना. गळ्यालाही एक बाही जोडलेली होती! कॉलर राहिली आत, आणि मास्तर त्या तिसऱ्या बाहीत लाल हत्तीसारखे उभे. हे इतके हसले की खुर्चीवर बसले. मीही हसले. मग माझ्या लक्षात आलं की ती बाही कधी शिवली हे यांना आठवतच नाही. त्यानंतर मला हसू आलं नाही. मोठी कात्री मी कोळशाच्या टोपलीत लपवली आहे आणि इस्त्री शेजारणीकडे ठेवली आहे. हे दिवसभर दोन्ही शोधतात आणि मी त्यांच्याबरोबर शोधते.

काल पुन्हा तसं झालं तेव्हा मी आमचा चुंबक घेऊन धावले. छातीवरून फिरवायला गेले तर तो हातातून सुटला आणि जाकिटालाच जाऊन बसला! ओढला तर जाकीट येतं, आणि जाकीट ओढलं तर हे येतात. शेवटी मी स्वयंपाकघरातलं उलथनं घालून काढला. या सवतीचं तरी काय करावं? बंद पडली म्हणतात आणि एवढी ओढ!

तुम्ही थोरल्या आहात. तुमचं ऐकतात. त्यांना डॉक्टरीणबाईंकडे जायला लावा.

तुमचा लोभ आहे म्हणून धीर आहे.

तुमची,
चिमणी

---

१३ मार्च

चि. सौ. चिमणीस,

अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी कात्रीबद्दल: कोळशात कात्री गंजते, ती पिठाच्या डब्यात ठेव. पण लपवलीस ते फार चांगलं केलंस. त्या वर्षी फिट येऊन तो इस्त्रीवर पडला होता, तेव्हा जळका वास आला म्हणून जिना चढून मीच त्याला उचललं. त्याच्या मनगटावरचा तो डाग मला अजून दिसतो, दोन गावं मध्ये असली तरी.

आता तुला धीर देते. चुंबक जाकिटाला चिकटला याचं नवल करू नकोस. आत पत्रा नाही, प्रार्थनाही नाही. तो जास्तीचा चुंबकच मी आत शिवला आहे, बरोबर यंत्राच्या वर, माप धरून. विचार कर: नुसता एकदा फिरवला तर एवढा गुण येतो, मग दिवसभर छातीशी राहिला तर किती येईल! ही गोष्ट एवढ्या शिकलेल्या डॉक्टरीणबाईंना कशी सुचली नाही, याचंच मला आश्चर्य वाटतं. यांनाही सांगितलं. हे टेंगूळ चोळत म्हणाले की असेल.

म्हणजे भाऊला दुहेरी संरक्षण आहे, आणि तरीही त्याला असं होतंय. तेव्हा दुखणं किती वाढलं असेल! चुंबक नसता तर काय झालं असतं, या विचारानं मला घास उतरत नाही. तुझाही चुंबक उजवीकडे शिवून टाक, टाके दुहेरी घाल, आणि त्याला उद्याच्या उद्या बाईंकडे घेऊन जा. जाकीट मात्र काढू देऊ नकोस. येत नाही म्हणाला तर सांग की ताईनं चहासुद्धा सोडला आहे. अजून सोडलेला नाही, पण तू सांगेपर्यंत सोडते.

आशीर्वाद. गेल्याबरोबर कळव, उशीर केलास तर मीच येऊन उभी राहीन.

तुझी,
वन्सं

---

१७ मार्च

ती. वन्संस,

सा. न. वि. वि.

बसून वाचा. शक्यतो कपाटापासून लांब बसून.

तुमचं पत्र आलं तेव्हा आम्ही नेमके दवाखान्यात जायला निघालो होतो, म्हणून ते मी पिशवीत टाकलं आणि तिथे बाकावर बसून वाचलं. यांना दाखवलं नाही. उजवा चुंबक शिवायला वेळ मिळाला नाही, हे देवाचे उपकार.

आत गेलो. यांनी बसल्याबसल्या भाषण सुरू केलं: यंत्र बंद आहे, आपण ठणठणीत आहोत, बदलण्याची गरजच काय. बाई ऐकत होत्या आणि यंत्र तपासायची कांडी घेऊन पुढे वाकल्या. तेवढ्यात त्यांच्या टेबलावरच्या कागदाच्या क्लिपा उड्या मारून यांच्या छातीवर येऊन बसल्या. मग त्यांच्या खिशातली छोटी कात्री. बाई मागे सरकल्या. हे म्हणाले की काळजी करू नका, बहिणीची प्रार्थना आहे. मी तुमचं पत्र बाईंच्या हातात दिलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग त्या पाठ करून खिडकीकडे उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. परत वळल्या तेव्हा डोळे पुसत होत्या, पण आवाज गंभीर होता. म्हणाल्या की चुंबक एकदा फिरवला तर यंत्र जादा झटका देतं, पण तो वर धरून ठेवला तर यंत्र थांबतं. धरलेला असेपर्यंत थांबतं. हे यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि यांना ते पाठही आहे. फक्त डबीत प्रार्थना आहे असं समजून बसले.

मग जाकीट काढायला लावलं. यांचं चालूच होतं, की बाई, यंत्र संपलं आहे, हे तुम्ही लिहूनच घ्या, मी अगदी ठण... आणि वन्सं, तिथे घसा बसला. बिजागरी! मला ती इतकी गोड कधी लागली नव्हती. ते अर्धं मिनिट आम्ही तिघांनी ऐकून घेतलं.

बॅटरीत अजून थोडी धुगधुगी आहे. बाई म्हणाल्या की मुद्दाम यंत्र बंद ठेवून बघा, असं कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं नसतं. ते तुमच्या वन्संनी करून दाखवलं, आणि कृपा करून पुन्हा करू नये. बदलायचं की नाही ते मात्र यांनीच ठरवायचं. घरी आल्यापासून हे गात नाहीत. रागावलेले नाहीत. गळ्याला बाही लावलेला तो कोट मांडीवर घेऊन बसतात.

लोभ कमी करू नये, जाकिटं केली तर चालतील.

तुमची,
चिमणी

---

२१ मार्च

चि. भाऊस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, पण थोरलीनं नाही लिहायचे तर कुणी?

मी तुझ्या छातीवर बसून तुझं रक्षण बंद केलं. वर साखर सोडून देवाला सांगितलं की बघ, किती करतेय. त्यानं वरून बघितलंच असेल. तीन दिवस देवासमोर नुसती बसते. मागायचं काय तेच समजत नव्हतं. तुला यंत्र लागू नये असं मागत होते. म्हणजे देवानं मदत करावी, पण माझ्याच पद्धतीनं, असा माझा हट्ट. कालपासून त्या बाईंच्या हातासाठी मागते. टाके बारीक पडू देत, असंही घातलं आहे. तुझ्यासाठी म्हणून.

मी आता मत देत नाही. माझ्या मतानं काय होतं ते दिसलं. फक्त एक सांगते. इस्त्रीचा वास अजून कुठे आला की मी जिन्यावर थबकते. इतकंच.

जाकीट परत पाठव, उशीची खोळ होईल.

तुझी,
ताई

---

१९ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

उशीर झाला, कारण डावा हात जपायला सांगितला होता आणि चिमणी मला पेनही उचलू देत नव्हती. मी उजव्या हातानं लिहितो हे तिला कोण सांगणार? नवा भाडेकरू राहायला आला. वेळेचा पक्का आहे. हे पत्र लिहितानाच दोनदा हजेरी लावून गेला.

कशामुळे ठरलं ते तुला सांगतो, कारण तुला वाटत असेल की तुझ्या चुंबकामुळे. त्यामुळे नाही. मी तो तीन बाह्यांचा कोट उसवायला घेतला होता. उसवता उसवता शिवण बघितली. ताई, काय शिवण होती! सरळ, एकसारखी, कुठे चुणी नाही. माझ्या हातची सगळ्यात सुरेख शिवण असेल ती. आणि ती शिवताना मी तिथे नव्हतो. खूप आठवून बघितलं. हात माझे, काम माझं, आणि त्यातला एकही टाका माझ्या वाट्याला आलेला नाही. माझी शिलाई मला मिळायला हवी. त्यासाठी छातीवर एक वाकडी रेघ असली तर असू दे.

तरी मी शिंपीच. ऑपरेशनच्या सकाळी माझ्या खडूनं छातीवर रेघ आखून गेलो होतो. बाईंनी ती पुसली, पण शिवताना माझी आठवण ठेवली म्हणे. पट्टी काढल्यावर आरशात पाहिलं. बारीक टाके, कुठे ओढ नाही. मी बाईंना म्हटलं की दवाखाना कंटाळवाणा झाला तर माझ्याकडे काजं करायला या. बँडमास्तरांनी तो कोट विकत मागितला आहे; गर्दीत आपला माणूस ओळखू येईल म्हणतात. कात्री पिठासकट परत मिळाली.

जाकीट पाठवणार नाही. मी ते संध्याकाळी घालतो. न्हाव्याला चुकल्यासारखं वाटतं. पण डावीकडचा कप्पा रिकामा आहे आणि हात सारखा तिकडे जातो. इतके दिवस मी तिथे प्रार्थना आहे समजून वावरत होतो. तेव्हा आता खरीच लिहून पाठव. कागदावर. पत्रा नको.

भाऊजींच्या कपाळाला नमस्कार. लोभ वाढवावा, फक्त लांबून.

तुझा,
भाऊ

---

२६ एप्रिल

चि. भाऊस,

अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र यांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या खेपेला यांनी कसलं यंत्र म्हणून विचारलं नाही. कपाटाला कडी आणली. मीच जाऊन आणली, नवी, चांगली पितळेची, घासाघीस न करता. यांना दारासमोर वाकायची भीती बसली आहे, ती हळूहळू जाईल.

प्रार्थना लिहून मागतोस. लिहायला बसलेही होते. दोन कागद फाडले आणि मग वाटलं, कशाला? तो कप्पा रिकामाच असू दे. तिथे माझं काही ठेवायचं नाही. ती जागा आता भाडेकरूची आहे, त्याला काम करू दे. चुंबक छातीशी ठेवावा लागत होता. माझं मागणं इथून स्वयंपाकघरातून निघतं आणि पोचतं. त्याला शिवून बसवायला लागत नाही, हे मला उशिरा समजलं.

साखरेचं मी देवाशी बोलून घेतलं. तुला यंत्र लागू नये असा नवस होता, आणि यंत्र तर लागलं. म्हणजे हिशेबानं मी जन्मभर बिनसाखरेची राहायला हवी. पण मी म्हटलं, मागणंच चुकलं होतं, तर नवसही चुकीचाच. आज सकाळी चहात दोन चमचे घातले. फार गोड झाला. तरी संपवला, टाकायचा कशाला?

गोळ्या घे. टाचण्या तोंडात धरू नकोस. आणि घसा बसला की ते अर्धं मिनिट चिमणीचं मुकाट्यानं ऐकत जा. त्याच्यासाठीच तर एवढं केलं.

लोभ आहे. चिकटून बसणार नाही, पण आहे.

तुझी,
ताई